लहानग्यांना घेऊन खोपोलीला : एका दिवसाच्या सहलीचा चाळीस आठवड्यांचा बेत

दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना जवळ आला की प्रत्येक घरात एकच प्रश्न निघतो. यंदा मुलांना कुठे न्यायचे? ज्यांचे गाव आहे ते गावी जातात. ज्यांचे गाव सुटले आहे ते नातेवाईकांकडे दोन दिवस काढतात. हल्ली मात्र मुलांचा हट्ट वेगळा असतो. टीव्हीवर, मोबाईलवर त्यांनी मोठमोठे पाळणे, उंचावरून सुसाट येणाऱ्या गाड्या, पाण्यातून जाणाऱ्या होड्या पाहिलेल्या असतात. शाळेतला एखादा मित्र तिथे जाऊन आलेला असतो. मग घरात रोज तेच सुरू होते, ‘आपण कधी जायचं?’

कष्टकरी आईबापांना या प्रश्नाला चटकन ‘जाऊ’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ म्हणवत नाही. आपल्या कुटुंबांचे प्रवास आजवर बहुतेक कामासाठी झाले. लग्न, मयत, दवाखाना, नाहीतर वर्षातून एकदा दादर, नागपूर किंवा महाड. केवळ मूल हसावे, खेळावे एवढ्यासाठी पैसे मोडून प्रवास करायचा, ही गोष्ट आपल्याकडे अजून नवी आहे. घरातली जुनी माणसे विचारतात, ‘त्यात मिळणार काय?’ हा प्रश्न टाकून देण्यासारखा नाही. त्याचे उत्तर हिशेबाने आणि विचाराने द्यायला हवे.

अंबरनाथच्या आमच्या चाळीतल्या चार कुटुंबांनी २०२३ च्या नोव्हेंबरात असा बेत तडीस नेला. ठिकाण होते खोपोलीजवळचे इमॅजिका. आमचे सर्वात लहान मूल चार वर्षांचे होते, सर्वात मोठे नऊ वर्षांचे. आम्ही काय पाहिले आणि बेत कसा आखला, ते आमच्यासारख्या इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे सविस्तर मांडत आहोत.

अशी उद्याने आली कुठून?

यात्रेतला आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचे चक्र, मौत का कुआँ हे आपण सर्वांनी पाहिले आहे. थीम पार्क म्हणजे त्याचाच पुढचा अवतार. पण त्यात प्रत्येक खेळाला एक गोष्ट जोडलेली असते. अमेरिकेतले डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. वॉल्ट डिस्नी सांगत असे की, त्याच्या दोन मुली बागेतल्या मेरी-गो-राउंडवर बसत आणि तो बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत राही. तेव्हा त्याला वाटले, आईबाप आणि मुले दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा हवी. आजही अशा ठिकाणी गेल्यावर निम्मे पालक बाकावरच बसलेले दिसतात, ती गोष्ट वेगळी!

आपल्या देशात दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. मुंबईकरांच्या तोंडी मात्र एकच नाव होते, गोराईचे एस्सेल वर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झाले. त्याची टीव्हीवरची जाहिरात पाठ नसलेले मूल त्या काळी शोधूनही सापडले नसते. आमच्यापैकी दोघांनी ते शाळेच्या सहलीत पाहिले होते. बाकीच्यांनी सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून त्या दिवशी घरीच काढला होता. ते एस्सेल वर्ल्ड २०२२ साली बंद झाले. शेजारचे वॉटर किंगडम १९९८ चे. पण ते पाण्याच्या खेळांचे. आमच्या मुलांना हवे होते डायनासोर आणि हत्ती. म्हणून खोपोली ठरले.

इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ ते आहे. मागे सह्याद्रीची भिंत उभी आहे. त्याच आवारात २०१४ मध्ये पाण्याचे आणि २०१६ मध्ये बर्फाचे उद्यान सुरू झाले. त्यांची तिकिटे वेगळी असतात. २०२२ मध्ये हा सगळा कारभार संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आला.

भिशीचा हिशेब

थीम पार्कमध्ये मोठ्या माणसाचे तिकीट हजार रुपयांच्या वर असते. दर रोज सारखा नसतो. रविवारी आणि सणासुदीला वाढतो, मधल्या वारी उतरतो. लहान मुलांचे आणि ज्येष्ठांचे तिकीट कमी असते. नवरा-बायको आणि एक मूल यांची तिकिटे, गाडीभाडे, तिथले जेवण आणि हाताशी थोडे जास्तीचे असे धरले तर एका घराला सहा हजारांची तयारी हवी, असा आमचा अंदाज निघाला. एवढी रक्कम एका पगारातून काढायची म्हणजे त्या महिन्याचे रेशन आणि शाळेची फी दोन्ही डोलायला लागतात.

म्हणून चाळीतल्या बायांनी सहलीची भिशी घातली. दर आठवड्याला घरटी दीडशे रुपये, असे चाळीस आठवडे. फेब्रुवारीत सुरुवात केली. एका वहीत चार रकाने आखले आणि पैसे भरले की मुलांनीच खूण करायची असे ठरवले. याचा एक फायदा झाला. पाच वर्षांच्या मुलीलासुद्धा कळले की मजा आपोआप येत नाही, ती दर शनिवारी थोडी थोडी विकत घ्यावी लागते. कोपऱ्यावरच्या दुकानातली वेफरची पाकिटे बरीच कमी झाली, ती कुणी न सांगता.

सव्विसाव्या आठवड्यानंतर एका घराचा रकाना कोरा राहिला. त्या घरातले वडील कंत्राटावर कामाला होते. कंत्राट बदलले आणि वीस जणांबरोबर त्यांचेही काम सुटले. पुढच्या शनिवारी त्यांची बायको येऊन म्हणाली, ‘आमची नावं काढून टाका. जमलेले पैसे परत द्या, घरात लागतील. पोराला पुढच्या वर्षी नेऊ.’ पोरगा सहा वर्षांचा. तो दारातच उभा होता. काही बोलला नाही. वहीतल्या आपल्या खुणा मोजत राहिला.

त्या रात्री आमच्यात बराच खल झाला. एकजण म्हणाले, आपण तिघे मिळून त्यांचे उरलेले भरू. पण ते त्या माणसाला मानवले नसते आणि मानवू नये हेही आम्हाला कळत होते. मदत घेतलेल्या पोराला दिवसभर ‘आमच्यामुळे आलास’ हे न बोलताही ऐकू येते. शेवटी आमच्यातल्या वहिनीने वही उघडली. सव्वीस आठवड्यांचे दीडशेप्रमाणे तीन हजार नऊशे रुपये त्यांच्या नावावर जमा होते. एका मोठ्या माणसाचे आणि एका मुलाचे तिकीट, भाडे आणि जेवण त्यात बसत होते. म्हणजे उपकाराचा प्रश्नच नव्हता. तिघांऐवजी दोघे जातील, स्वतःच्या पैशाने जातील.

हे घेऊन वहिनी त्यांच्या घरी गेली. बाई म्हणाली, ‘मग हे जातील पोराला घेऊन.’ नवरा म्हणाला, ‘मी कामाला बाहेर तरी पडतो. ही लग्न झाल्यापासून कुठे गेली नाही. हिलाच जाऊ द्या.’ घरात त्या पैशाला दुसऱ्या वाटा नव्हत्या असे नाही. पण त्या माणसाने सांगितले, ‘तीन हजारांत माझं घर चार महिने चालणार नाही. पोराचं मन मात्र एका दिवसात मोडेल.’ त्यावर कुणी काही बोलले नाही.

बेत आखताना

चौघा कुटुंबांत मिळून सात मोठी माणसे, एक आजी आणि पाच मुले असे तेरा जण झाले. दिवस बुधवार ठरवला. रोजंदारीच्या माणसाला मधल्या वारी सुट्टी म्हणजे एक खाडा. पण तिकिटात आणि रांगेत जे वाचते ते त्या खाड्यापेक्षा जास्त भरते, असा हिशेब निघाला. रविवारी गेलात तर एका खेळासाठी तासभर रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी. चार वर्षांच्या मुलाला तासभर रांगेत उभे करणे म्हणजे काय, हे आईलाच माहीत! ऋतूही पाहावा. खोपोलीला पाऊस मुसळधार असतो, विजा-वारा असला की उघड्यावरचे खेळ थांबवावे लागतात. मे महिन्यात ऊन भाजून काढते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस लहान मुलांना सोसतात.

दुसरी गोष्ट उंचीची. अशा उद्यानांत मुलाचे तिकीट बहुधा वयावर नसते, उंचीवर असते. कोणत्या खेळात बसू द्यायचे तेही उंचीवरच ठरते. यात कुणाचा दुजाभाव नसतो. खेळातला अडकवायचा दांडा किंवा पट्टा ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो; मूल त्याहून लहान असेल तर ते खालून निसटू शकते. म्हणून आठ दिवस आधी आम्ही शिलाईच्या टेपने सगळ्या मुलांची उंची मोजली, भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि कुणाला काय मिळेल, काय मिळणार नाही, ते घरीच सांगून टाकले. दारात जाऊन पट्टीखाली उभे राहिल्यावर ‘तू नाही’ हे परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आईच्या तोंडून घरी ऐकलेले बरे. आमचा धाकटा एका ठिकाणी अडवला गेला, तेव्हा रडला नाही. ‘माझी रेघ अजून खाली आहे,’ असे त्यानेच पहाऱ्यावरच्या ताईला सांगितले.

तिसरी गोष्ट भीतीची. अंधार, मोठा आवाज, अचानक समोर येणारी भुते यांनी लहान मूल घाबरते आणि मग रात्री झोपेत दचकते. प्रत्येक खेळाच्या दाराशी आत काय आहे ते लिहिलेले असते. ते वाचून, विचारून मगच मुलाला आत न्यावे. ‘घाबरतो काय, मुलगा आहेस ना’ असे म्हणून ढकलू नये. भित्रेपणा जाण्यासाठी मूल आधी विश्वासाने आपला हात धरायला शिकावे लागते.

खोपोलीची गाडी

अंबरनाथहून खोपोलीला मध्य रेल्वेची लोकल आहे. थेट गाड्या मोजक्याच. नाहीतर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरावी लागते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बाराला अर्धे. पहाटेच्या अंधारात आम्ही निघालो. ज्या घरचे वडील येणार नव्हते, ते स्टेशनपर्यंत पिशवी घेऊन आले. गाडी हलेपर्यंत पोरगा खिडकीतून त्यांना एकच सांगत होता, ‘मी तुम्हाला सगळं येऊन सांगतो.’

बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. नेरळला माथेरानचा डोंगर उजाडताना दिसतो. कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. मुलांना वाटते सहल पार्कच्या दारात सुरू होते; पण ही वाटसुद्धा पाहण्यासारखी आहे आणि तिचे वेगळे तिकीट नाही! ही रेल्वे जुनी. खोपोलीपर्यंत रूळ १८५६ साली आले. पुढे घाट आडवा होता, तेव्हा प्रवासी इथे उतरून पालखीने किंवा तट्टावर घाट चढत. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. तो डोंगर फोडताना हजारो मजूर कामी आले. कुणी सुरुंगाने, कुणी दरीत पडून, कुणी पटकीने. त्यांची नावे कुठल्या स्टेशनवर लिहिलेली नाहीत. आम्ही मुलांना एवढे सांगितले की, ज्या रुळावरून आपण मजेला चाललो आहोत तो कुणीतरी जिवाच्या मोलाने टाकला आहे.

खोपोली आली की डोंगरावरून खाली उतरणारे जाडजूड नळ दिसतात. टाटांचे वीजघर इथे १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला डोंगरावर धरणांत साठवलेले पावसाचे पाणी या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि त्याच्या जोरावर चक्र फिरून वीज तयार होते. मुंबईच्या कापड गिरण्यांना ही वीज मिळाली. आमच्यातल्या आजीचे सासरे गिरणीत होते. तिने ते नळ पहिल्यांदाच पाहिले. बराच वेळ पाहून म्हणाली, ‘म्हणजे मामंजींचा साचा या पाण्यावर चालत होता होय!’

स्टेशनबाहेर सावलीला बसून आम्ही घरून आणलेल्या चपात्या, बटाट्याची भाजी आणि उकडलेली अंडी खाऊन घेतली. बहुतेक पार्कांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत आणि आतले महाग असते. सकाळी पोटभर खाऊन गेले की आत एकदाच जेवावे लागते. तान्ह्या बाळाचे दूध-खाणे आणि औषधे यांबद्दल आधी फोन करून विचारून घ्यावे. खोपोलीहून पुढे रिक्षा मिळतात. भाडे बसण्याआधीच बोलून घ्यावे आणि परतीचेही तेव्हाच ठरवावे.

आत काय आहे

आत शिरल्यावर मोठ्यांचीसुद्धा नजर ठरत नाही. रंगीत इमारती, कारंजी, गाणी. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही एकच काम केले. मुलांना सोबत घेऊन एक जागा ठरवली आणि सांगितले की, चुकलात तर इथे येऊन उभे राहायचे. प्रत्येकाच्या खिशात घरच्या दोन मोबाईलचे नंबर लिहिलेली चिठ्ठी होतीच.

लहानांसाठी सर्वात चांगला खेळ म्हणजे टबी हत्तीचा पाळणा आणि मेरी-गो-राउंड. गर्दी वाढण्याआधी हे दोन्ही उरकून घ्यावेत. आकाशपाळण्यातून सह्याद्रीचे कडे दूरवर दिसतात. अलिबाबाच्या गुहेत गाडीत बसून चोरांवर नेम धरायचा असतो; तिथे आजीने नातवापेक्षा जास्त गुण मिळवले! मिस्टर इंडियाच्या खेळात समोरच्या पडद्याबरोबर खुर्च्या हलतात. आय फॉर इंडियामध्ये पाय अधांतरी सोडून बसायचे आणि समोर डोंगर, नद्या, किल्ले, समुद्र असा सगळा देश पायाखालून जातो. ज्या बाईने लग्नानंतर अंबरनाथ सोडले नव्हते, ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. तिला कुणी काही विचारले नाही. तीच म्हणाली, ‘केवढा आहे आपला देश!’

राजासॉरसच्या होडीत बसलेली मुले भिजून बाहेर आली. हा डायनासोर मात्र काल्पनिक नाही, हे पालकांनी मुलांना जरूर सांगावे. गुजरातच्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहिओली इथे त्याची हाडे सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असे नाव दिले. नर्मदेच्या खोऱ्याचा राजा! मुलांच्या पुस्तकातले डायनासोर नेहमी परदेशातले असतात. आपल्या मातीतही असा प्राणी होऊन गेला हे ऐकून आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने पुढचा अर्धा तास प्रश्नांनी भंडावून सोडले.

मोठ्यांचे खेळ म्हणजे नायट्रो हा रोलर कोस्टर आणि अंधारातून धावणारा डीप स्पेस. इथे लहान मुलांना घेत नाहीत. आम्ही दोन गट केले. एक गट आत, दुसरा मुलांजवळ, मग अदलाबदल. आमच्यातले एकजण आयटीआयचे फिटर आहेत. नायट्रोखाली उभे राहून त्यांनी मुलांना समजावून सांगितले की, या गाडीला पुढे पळवणारे इंजिन नसते. साखळी तिला एकदा उंचावर नेऊन सोडते. तिथून ती पडते आणि त्या पडण्याच्या जोरावरच पुढची सगळी वळणे घेते. ‘सकाळी नळातलं पाणी पाहिलंत ना? तेच हे. उंचावरून खाली येणाऱ्या वस्तूत जोर असतो. तिथं त्याची वीज केली, इथं मजा.’ शाळेच्या पुस्तकातला एक धडा मुले त्या ठिकाणी मान वर करून शिकली.

दुपारी दोन ते चार लहानांना झोप येते, किरकिर सुरू होते. तेव्हा रागावण्यात अर्थ नाही. सावलीत सतरंजी टाकून, नाहीतर थंड नाट्यगृहात बसून ते दोन तास काढावेत. सगळे खेळ ‘वसूल’ करण्याच्या नादात मुलाला फरपटत नेणारे आईबाप आम्ही पाहिले. पैसे वसूल होत असतील. सहल होत नाही.

दाराच्या बाहेर ठेवलेली मुले

आता ‘त्यात मिळणार काय’ या प्रश्नाकडे वळू. त्याचे एक उत्तर अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्यात आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. अटलांटा शहरातल्या फनटाउन नावाच्या पार्कची जाहिरात तिने टीव्हीवर पाहिली होती आणि आपल्याला तिथे का नेत नाहीत असे ती विचारत होती. ते पार्क काळ्या मुलांना बंद होते. एवढे मोठे वक्ते. पण हे लेकीला सांगताना जीभ अडखळते, असे त्यांनी लिहिले. मतदान, शाळा, नोकरी यांच्याबरोबर पार्कचे दारही त्यांनी अन्यायाच्या यादीत धरले.

त्याच वर्षी बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कसमोर लोकांनी निदर्शने केली. शेकडो जण अटकेत गेले, त्यात धर्मगुरूही होते. अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी ते पार्क सर्वांना खुले झाले. त्या दिवशी शॅरन लँगली नावाची अकरा महिन्यांची काळी मुलगी वडिलांच्या आधाराने मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसली. वॉशिंग्टनला किंग यांचे ऐतिहासिक भाषण झाले तोच हा दिवस. पुढे तेच मेरी-गो-राउंड वॉशिंग्टनच्या भव्य मैदानावर आणून बसवले गेले.

आपल्या वाचकांना यापुढचे समजावून सांगायला नको. आपल्या आजी-आजोबांना गावच्या जत्रेत कुठे उभे राहायचे हे दुसऱ्यांनी ठरवून दिलेले होते. आज आमच्या मुलांना दारात कुणी जात विचारली नाही. तिकीट पाहिले आणि उंची मोजली. ही गोष्ट लहान नाही. पण पैशाचे दार अजून आहेच. कंत्राट सुटले की त्या दारातून घरातल्या एका माणसाला मागे राहावे लागते. हे दोन्ही मुलांना कळले पाहिजे, पण त्यांच्या वयाला झेपेल तेवढेच आणि त्यांचे हसणे न मोडता.

आजीचे उत्तर याहून सोपे होते. परतीच्या गाडीत नातू तिच्या मांडीवर झोपला होता. ती म्हणाली, ‘आम्हाला लहानपण कधी आलं आणि गेलं ते कळलंच नाही. यांना कळलं, एवढं पुरे.’

पालकांनी ध्यानात ठेवावे असे

भिशी किंवा बचत सहा-सात महिने आधी सुरू करावी. या सहलीसाठी कर्ज काढू नये. वर्गणीत ज्याचे जेवढे जमेल तेवढे त्याचे, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. म्हणजे मध्ये कुणावर वेळ आली तर मान खाली घालावी लागत नाही.

निघण्याच्या आधी तिकिटाचा त्या दिवसाचा दर, गटाला सवलत आहे का आणि कोणते खेळ बंद आहेत, ते पार्कला फोन करून विचारावे. मुलांची उंची घरी मोजावी. पायात नवे बूट नकोत, रोजचेच बरे. एक जादा कपड्यांचा जोड, टोपी, ओकारीचे औषध आणि रिकाम्या पाण्याच्या बाटल्या जवळ असाव्यात. जेवल्यावर लगेच गोल फिरणारे खेळ घेऊ नयेत. गरोदर बाया, पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असलेली माणसे यांनी जोराच्या खेळांपासून लांब राहावे. अंधार पडण्याआधी बाहेर निघावे आणि खोपोलीहून सुटणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच लिहून घ्याव्यात.

घरी आल्यावर मुलांना त्या दिवसाबद्दल चार ओळी लिहायला किंवा चित्र काढायला सांगावे. आमच्या पाच मुलांपैकी दोघांनी डायनासोर काढला, एकीने हत्ती, धाकट्याने नुसतीच रेल्वेगाडी. ज्या पोराचे वडील येऊ शकले नाहीत, त्याने डोंगरावरून उतरणारे नळ काढले आणि त्याखाली मोठी गाडी वळणे घेत चाललेली. त्या चित्रात चाळीतले सगळेजण गाडीत बसलेले आहेत. मोजले तर चौदा भरतात.

यंदाच्या वहीत त्या घराचा रकाना पुन्हा आखला आहे. त्यांना दुसरीकडे काम लागले आहे. पगार कमी आहे, म्हणून त्यांनी आठवड्याला शंभर सांगितले आणि आम्ही सर्वांनीच शंभर केले. आठवडे वाढतील, एवढेच.